लाकडं कोरडीच होती

"ही लाकडं आहेत का डोहातनं काढलेली म्हैस?" वहिनीनं मोळी अंगणातल्या चिखलात भिरकावली. "फुंकून फुंकून छातीचा भाता झाला माझ्या."

"गेल्या सालची तोड आहे, वहिनी," लाकूडवाला म्हणाला. "दोन ढलप्या आपटून बघा, कशा खणखणतात."

"खणखणतात रे. पेटत नाहीत."

ओट्यावर तिचा धाकटा दीर बसला होता, गावचा पत्रेवाला. दिसेल त्याची टर उडवणारा गडी, गप्प बसेल तर शपथ. "पाणी मारून वजन वाढवतोसच, तर जरा साबण पण टाकत जा. वहिनीचं धुणं तरी निघेल."

वहिनी हसली. लाकूडवाल्यानं चिखलातली मोळी उचलली अन् चालता झाला.

आता खरी गोम पत्रेवाल्याच्याच पोटात होती. "कुठलीही शेगडी आणा, बसवून देतो," अशी फुशारकी त्यानंच मारलेली. वहिनीनं बंद पडलेल्या कारखान्यातली भली थोरली लोखंडी शेगडी आणली. तिचं तोंड ताटलीएवढं, भिंतीतला धुराड्याचा जुना पाईप वाटीएवढा. पण शब्द कसा मागं घ्यायचा? यानं शेगडीचं तोंड हातोडीनं चेपलं, चुण्या पाडल्या, पाईपात कोंबलं अन् वरनं काळा रंग फासला. दिसायला झकास. धुराला मात्र वर वाटच नाही, तो घरात मावेना. "लाकडं ओली दिसतात," वहिनी म्हणाली, अन् यानं नंदीबैलासारखी मान डोलावली. आतल्या खोलीत त्याची म्हातारी आई खोकत होती. ते खोकणं ऐकून याला ओट्यावर बसवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी थंडी कडक पडली. लाकूडवाला पुन्हा मोळी घेऊन दारात. "ही माझ्या घरची. बायकोनं चुलीवरच्या फळीवर वाळवलेली. ही पण धुरावली तर धंदा सोडतो, वहिनी. तसंही गाव आता लाकूड घेत नाही. 'पाणीवाला' म्हणतात मला."

कालचा विनोद रातोरात गावभर झाला होता. एरवी पत्रेवाला खूश झाला असता. आज तो ओट्यावर चुळबुळत होता.

"पेटवू नका, वहिनी. पाईप गंजलाय, बदलतो," म्हणत तो उठला. घरी गेला, स्वतःच्या धुराड्याचा रुंद पाईप उपसून आणला. वहिनीच्या भिंतीचं भोक मोठं केलं, शेगडीचं तोंड ठोकून गोल केलं, पाईप चढवला. नवी मोळी पेटवली, तर धुराड्यानं जाळ असा ओढला की शेगडी घुमायला लागली. आतलं खोकणं थांबलं.

"बघ," वहिनी लाकूडवाल्याला म्हणाली, "कोरडी आणलीस तर कसं पेटतं."

लाकूडवाला मान खाली घालून म्हणाला, "मागची ओली असेल, वहिनी. चुकलं माझं."

पत्रेवाल्यानं हत्यारं गोळा केली. जुना पाईप काखेत मारला अन् घरी गेला.

संध्याकाळी त्याच्या घरात धूर कोंडला. वाटीएवढा पाईप आता त्याच्या भिंतीत होता. बायको पदरानं डोळे पुसत होती. रस्त्यानं जाणारा लाकूडवाला दारात थबकला.

"तुमच्याकडं पण? लाकडं माझीच ना?"

"तुझीच," बायको आतनं म्हणाली. "ओली मेली."

पत्रेवाला चप्पल घालून बाहेर आला. "कोरडी आहेत. वहिनीकडची पण कोरडीच होती. धुराडं मी बिघडवलं होतं."

लाकूडवाला दारातनं एक पाऊल मागं सरला.

"चल," पत्रेवाला म्हणाला.

"कुठं?"

"आधी वहिनीकडं, मग चौकात. सगळे शेकत बसले असतील. रोज दुसऱ्याची टर उडवतो, आज माझी उडवू दे त्यांना."