गंज काढलेली खेळणी

माझा नवरा दारू पीत नाही. हे मला मोशीतल्या इतक्या जणांनी ऐकवलंय की आता कुणी तोंड उघडायच्या आधीच मला कळतं. आमच्या सासूबाई, मंजुळाबाई, तर दर दोन दिवसांनी म्हणणार, "नशीब काढलंस तनुजा. दारू न्हाई, पत्ते न्हाई, कुटं उधळणं न्हाई. खेळणीच घेतो न्हवं पोरगं?"

पोरगं! चाळिशी ओलांडली त्या पोराने. चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला सुपरवायझर आहे, हाताखाली माणसं आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी हा माणूस पुण्याच्या जुन्या बाजारात उकिडवा बसून पत्र्याची माकडं शोधतो. चावी दिली की ढोल वाजवणारं माकड. दाणे टिपणारी कोंबडी. आगगाडी, बंब, मोटारी. सगळं आमच्या आजोबांच्या काळातलं, निम्म्याला चावी नाही, सगळ्यांना गंज.

"खेळणी नाहीत ती, इन्व्हेस्टमेंट आहे," हे रणजीतचं ठरलेलं वाक्य. "तनू, जमीन काय, सगळेच घेतात. ही वस्तू आता कुठे बनत नाही. जितकी जुनी तितकी महाग. मुंबईत लोक रांगा लावतात."

लावत असतील. मी कधी मुंबईला जाऊन बघितलं नाही. मी बघितलं ते एवढंच, की खालची बरी खोली त्या माकडांना गेली. काचेची कपाटं आली, एसी बसला, दाराला कुलूप लागलं आणि किल्ली ह्याच्या कमरेला गेली. आणि मी, ह्याची लग्नाची बायको, बाहेर पोर्चमध्ये सतरंजीवर बसून रबराचे बुश कापते. उन्हाळ्यात पत्रा असा तापतो की रबर हाताला चिकटतं. मेल्या माकडांना एसी!

बुश कापते म्हणजे काय ते सांगते. गाड्यांना रबराचे छोटे पार्ट लागतात. साच्यातून निघाले की त्यांना कडेने जास्तीचं रबर राहतं, ते कात्रीने बारीक कापून काढायचं. भोसरीचा एक कारखानदार मला पोती भरून माल पाठवतो. सुरुवातीला मी एकटीच कापायचे. मग शेजारच्या चाळीतल्या शालनबाई आल्या, परभणीकडच्या. मग गिरजाबाई. मग त्यांनी आणखी बायका आणल्या. आता पोर्चमध्ये पाय ठेवायला जागा नसते, आणि माझ्या मालाला आजवर तक्रार नाही.

दिवाळीच्या आधी कारखानदाराने सांगितलं, ताई, आता मोठ्या कंपनीवाले बघायला येणार. घरातलं काम चालणार नाही. गाळा घ्या, स्वतःचं मीटर, नीट टेबलं. काम तिप्पट देतो. नाही जमलं तर मला दुसरीकडे द्यावं लागेल.

मी तळवड्यात गाळा बघून ठेवला. मालक उद्धवराव, गावच्या नात्यातलेच. त्यांनी माझ्यासाठी गाळा अडवून धरला, पण सांगून टाकलं, "पोरी, रविवारपर्यंत डिपॉझिट आणून दे. सोमवारी मला दुसऱ्याला हो म्हणायचंय." शालनबाईंनी तर धुणीभांड्याची घरंसुद्धा सोडली, त्याच भरवशावर. एवढं सगळं त्या डिपॉझिटवर टांगलेलं होतं.

आणि डिपॉझिट कुठे होतं? माकडांच्या खोलीत!

तीन वर्षांपूर्वी हे महाराज रात्रंदिवस माझ्या मागे लागले. नगरकडच्या कुणा म्हाताऱ्याचा सगळा संग्रह विकायला निघाला होता. "सोनं लॉकरात नुसतं झोपून राहतं तनू. तुझ्या पाटल्या दे. तुला लागतील तेव्हा दुप्पट करून हातावर ठेवतो. आईला मात्र सांगू नकोस, तिला कळायचं नाही." सासूबाईंनी लग्नात स्वतःच्या हातातल्या काढून माझ्या हातात घातलेल्या पाटल्या त्या. दिल्या मी. सासूबाईंनी विचारलं की सांगायचं, लॉकरला आहेत. आणि बघा तमाशा, तेव्हापासून सोन्याचा भाव दुपटीच्या वर गेला. नुसत्या झोपून राहिल्या असत्या तरी माझ्या पाटल्यांनी मला गाळा घेऊन दिला असता.

तरी मी भांडले नाही. म्हटलं, झालं गेलं. आता विका आणि माझे मला द्या. रणजीतही तयार झाला. पुण्याचा एक जुन्या खेळण्यांचा व्यापारी, ज्ञानेश नावाचा, त्याने फोटो बघून चांगला आकडा सांगितला होता. शनिवारी सकाळी तो टेम्पो घेऊनच आला. पोर्चमधून आत येताना बायकांना नमस्कार वगैरे केला. गिरजाबाई मला हळूच म्हणाल्या, "ताई, टेबलाला निळा रंग द्या हां." सगळ्या हसल्या. मीसुद्धा हसले.

रणजीतने कुलूप उघडलं. नव्या नवरीचा चेहरा दाखवावा तसं दार ढकललं आणि बाजूला उभा राहिला.

कपाटं झगझगत होती. गंजाचा ठिपका नाही. बंब लालभडक, आगगाडी काळी कुळकुळीत, मोटारी निळ्या, कोंबडी पिवळी. एकदम शोरूम. मला तर वाटलं, अरे वा, छान केलीत की.

ज्ञानेश दारातच थांबला. मग आत जाऊन त्याने माकड उचललं. माकड डोक्यापासून पायापर्यंत तपकिरी, गुळगुळीत. त्याला तोंडच नव्हतं. नाक नाही, ओठ नाहीत, लाल जाकीट नाही, बटणं नाहीत. डोळ्यांच्या जागी दोन गोल स्टिकर चिकटवलेले.

"दादा, हे काय केलंत?" तो म्हणाला.

"पावडर कोटिंग!" रणजीत छाती काढून म्हणाला. "खंडेनवमीला कंपनीतली सगळी मशिनं पुसून रंगवून पुजतो आपण, म्हटलं यांनी काय पाप केलंय? माझा मित्र कुलदीप, त्याचं युनिट आहे तळवड्यात. सगळी खेळणी केमिकलच्या टाकीत बुडवली, गंज साफ, मग कोटिंग, मग भट्टी. पंधरा वर्षं काही होणार नाही, बघा. नख मारून बघा."

ज्ञानेशने नख मारलं नाही. "दादा, यांचा सगळा भाव त्या जुन्या छपाईला होता. पत्र्यावरच्या. माकडाचा चेहरा, कोंबडीची पिसं, मोटारीतली माणसं. ती गंजलेली असती तरी मी घेतली असती. मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं ना? आहेत तशी ठेवा, धूळसुद्धा पुसू नका म्हणून?"

मी रणजीतकडे वळले. "तुम्हाला सांगितलं होतं?" मी विचारलं.

रणजीत इकडेतिकडे बघायला लागला. "सांगितलं होतं, पण मला वाटलं भाव पाडायला म्हणतोय. पुढे गंज दाखवून पैसे कापणार. अगं, गंज असलेला माल कुणी घेतं का? आमच्याकडे गंजाचा एक डाग दिसला तर अख्खा लॉट परत येतो. सोळा वर्षं पेंट शॉपला काढली मी. फिनिशिंगमधलं मला कुणी शिकवायचं?"

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, ती मला त्या दिवशी पायरी पायरीने चढताना कळली. ह्या माणसाला सांगितलं होतं. मराठीत सांगितलं होतं. आणि ह्याने ते ऐकून, फोन ठेवून, माझा गाळा उचलून केमिकलच्या टाकीत बुडवला.

"आता कितीला घेता?" मी ज्ञानेशलाच विचारलं.

तो बिचारा संकोचला. म्हणाला, एका हॉटेलवाल्याला भिंतीवर लावायला असलं रंगीत सामान हवं असतं, त्या हिशोबाने देऊ शकतो. आकडा सांगितला. एका पाटलीचा तुकडासुद्धा आला नसता त्यात.

"द्यायची नाहीत," रणजीत लगेच म्हणाला. "तोट्यात मी विकत नाही. थांबू. मार्केट वर येईल."

"कुणाचं मार्केट?" मी ओरडलेच. "चेहरा नसलेल्या माकडांचं? अरे, तुला लाज कशी वाटत नाही? माझ्या पाटल्या मोडून आणलेला माल हा, आणि थांबू म्हणतोस? उद्या रविवार आहे!"

मी त्याला आयुष्यात पहिल्यांदा अरेतुरे केलं, आणि मागे बघते तर सासूबाई दारात उभ्या. पोर्चमधल्या कात्र्यांचा आवाजही बंद झालेला.

"कुणाच्या पाटल्या?" सासूबाई म्हणाल्या.

मी तीन वर्षं ह्याच्यासाठी खोटं बोलले होते, आता मी ह्याच्याकडेच बघितलं. रणजीत पुटपुटला, "आई, ती इन्व्हेस्टमेंट होती."

"माज्या आईनं भुईमुगाच्या शेंगा इकून केल्या व्हत्या त्या," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, हेच वाईट. "मी अडचणीत मोडल्या न्हाईत. तुझा बाप दवाखान्यात व्हता तवाबी मोडल्या न्हाईत. आन् तू ह्या माकडावर..." पुढचं त्यांना बोलवलं नाही. त्यांनी पदर खोचला, आत आल्या, कपाटातली आगगाडी उचलली आणि ज्ञानेशच्या हातात दिली. "घ्या हो पाव्हनं. भरा समदं. काय द्यायचं ते सुनंच्या हातात द्या."

"आई, हात लावू नकोस!"

"तू बोलू नगंस," त्या म्हणाल्या. एवढंच. रणजीत गप खुर्चीत बसला.

आम्ही दोघींनी खोकी भरली. ज्ञानेशने पैसे माझ्या हातात दिले, आणि खरं सांगते, त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं. टेम्पो गेला. काचेची कपाटं रिकामी, एसी मात्र चालूच. मी तो बंद केला. रडू येत नव्हतं, राग इतका होता. वाटत होतं हे कपाटच ढकलून द्यावं, सगळी काच फुटू दे खळाखळा. पण काच मलाच झाडावी लागली असती.

तेवढ्यात रणजीतचा फोन वाजला. त्यांचा तो संग्राहकांचा ग्रुप. त्याने बघितलं आणि एकदम ताठ झाला. डोळे असे चमकले की मला वाटलं कुणीतरी पैसे पाठवले.

"तनू! हे बघ, हे बघ! मुंबईत गेलं आज. सेम माकड. आपल्यावालंच! किती गंजलंय बघ, एक हातसुद्धा नाही त्याला. आणि कितीला गेलं बघ!" त्याने फोन माझ्या नाकासमोर धरला. "मी म्हणत नव्हतो? सांग, म्हणत नव्हतो? दुप्पट काय, चौपटीच्या वर झाले असते! माझी इन्व्हेस्टमेंट चुकलीच नव्हती!"

मी त्या माकडाकडे बघितलं. गंजलेलं, मळकं, पण चांगलं मिश्किल तोंड होतं त्याला. खरंच, रणजीतचं बरोबर होतं. तीन वर्षं तो खरं बोलत होता, आणि मला त्या क्षणी त्याचा जितका राग आला तितका तो खोटा निघाला असता तर आला नसता. समोरचा माणूस आनंदाने हसत होता हो! आपण जिंकलो असं त्याला वाटत होतं.

सासूबाई देवघराकडे निघून गेल्या. मी उद्धवरावांना फोन लावला. म्हटलं, काका, गाळा दुसऱ्याला द्या. ते दोनदा म्हणाले, "अगं, थोडं कमी असलं तर बघू." थोडं कमी असतं तर मीच मागितलं असतं. मी नको म्हटलं आणि फोन ठेवला.

बाहेर बायका तशाच बसलेल्या. सगळं ऐकलं होतं त्यांनी, पण ऐकलं नाही असं दाखवत होत्या. त्यांना काहीतरी सांगणं भाग होतं. नेहमी असली कामं माझीच. ह्याची कपाटं आली तेव्हा दुकानदाराला हप्त्यासाठी मी बोलले, पाटल्यांचं सासूबाईंना मी बोलले, पाहुण्यांत "छंद आहे हो त्यांचा" असं हसून मी बोलले. मी रणजीतला म्हटलं, "चला बाहेर. त्यांना तुम्ही सांगा."

तो आला. फोन हातातच. बायकांसमोर उभा राहिला, घसा खाकरला. "तसं बघायला गेलं तर," तो म्हणाला, "निर्णय बरोबर होता आपला. आता हेच माकड मुंबईत बघा, आजच..." आणि त्याने खरंच तो फोटो त्यांच्यापुढे धरला.

शालनबाईंनी फोटोकडे नीट बघितलं. मग कात्री मांडीवर ठेवली.

"भाऊ, ते ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मी तर समदी घरं सोडून आले. आमी सोमवारी कामाला कुटं यायचं, तेवढं सांगा."

रणजीतने माझ्याकडे बघितलं. मी सतरंजीवर बसले, कात्री उचलली आणि बुश कापायला घेतला.