दोन वाट्या भात

"ताटाकडे बघू नका, मावशी. हाताकडे बघा. ताट खोटं बोलतं."

बांगसरांनी मला हे सांगितलं तेव्हा शाळेच्या बेसबॉल वसतिगृहात स्वयंपाकाला लागून मला दोनच दिवस झाले होते. पोरं सगळं चाटूनपुसून खातात म्हणून मी कौतुक सांगत होते. ते म्हणाले, "खाणारच. सतरा वर्षांचं पोरगं तापात फणफणलं तरी खातं. दुखणं माझ्यापासून लपवतील, आईपासून लपवतील, डॉक्टरला तर हसत हसत बनवतील. पण जेवणाच्या काड्यांनी माशाचा काटा काढताना मनगटात कळ आली तर ती लपत नाही. ती तुम्ही बघायची आणि मला येऊन सांगायची."

अकरा वर्षं मी ते केलं. कुणाच्या बोटाला फोड आलाय, कोण वाटी उचलताना खांदा चोरतोय, हे मी रोज रात्री भांडी आवरून झाली की सरांना सांगायचे. ते त्या पोराला दुसऱ्या दिवशी मैदानाभोवती नुसतं पळायला लावायचे. पोरांना वाटायचं, सरांना अंतर्ज्ञान आहे.

खेळाचं वेड मला लागलं ते असं, स्वयंपाकघराच्या दारातून. फळीवर रेडिओ होता, त्यावर संध्याकाळी मोठ्या क्लबांचे सामने लागायचे, आणि लसूण सोलता सोलता माणसाला मतं फुटतात. मला वाटायचं, आणि अजूनही वाटतं, की नव्या पोराची पारख त्याच्या चेंडूच्या वेगावरून करू नये. त्याच्या हातून चूक झाल्यानंतरचा पुढचा चेंडू तो कसा टाकतो, ते बघावं. वर्षातल्या सर्वोत्तम नवोदिताला जो मोठा पुरस्कार देतात तो तर मला शापच वाटतो. दुसऱ्या वर्षी ते पोर स्वतःच्याच सावलीमागे धावत सुटतं. आणि क्लबांचे मालक! अठरा वर्षांच्या पोराला टोपी घालून, फुलं देऊन फोटो काढतात, वर्षात तीनदा मॅनेजर बदलतात, आणि पोर कुठे गेलं ते कुणी विचारत नाही.

पाळीपाळीने मदतीला येणाऱ्या आया माझी चेष्टा करायच्या. तिसऱ्या बेसवरच्या मुलाची आई एकदा म्हणाली, "मावशी, तुम्हीच मॅनेजर व्हा की आपल्या संघाच्या!"

"होईन. पण मग तुझा लेक बाकावर बसेल. जेवायला पहिला, पळायला शेवटचा."

"ऐका! हळू बोलते म्हणून आपल्याला वाटतं, गरीब गाय आहे," ती बाकीच्यांना म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

तक ह्यन-गू आमच्याकडे आला तो आमच्या किनाऱ्यासमोरच्या बेटावरून. वडील मासळीच्या बोटीवर, चार बहिणींच्या पाठीवरचा हा एकुलता एक मुलगा. कान मोठे, मान लांब, आणि उजव्या हातात असा चेंडू, की फलंदाज बॅट फिरवून झाल्यावर मागे वळून बघायचे. तिसऱ्या वर्षाला तो आमचा मुख्य पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, झाला. शाळेनं एकतीस वर्षांत देशपातळीचा कप बघितला नव्हता. त्या उन्हाळ्यात तो मिळेल असं पहिल्यांदाच वाटलं.

मी शंभर दिवसांचं व्रत धरलं. रोज पहाटे चारला उठून एकशे आठ नमस्कार, मग पंचशील, मग मागणं. मागणंही मी मोठं सावधपणे मागत होते: कुणालाही इजा न होता कप मिळू दे. बोधिसत्त्वाला अट घातली होती मी.

स्पर्धा राजधानीत, सोलला, तिथल्या जुन्या मैदानावर होती. संघ स्टेशनाजवळच्या एका साध्या खाणावळीत उतरला आणि तिथलं स्वयंपाकघर सकाळपुरतं मला मिळालं. सहा दिवसांत चार सामने झाले, चारही ह्यन-गूने टाकले. पहिल्या चारांत आल्याबरोबर आमच्या आठ मुलांच्या विद्यापीठातल्या जागा पक्क्या झाल्या होत्या. म्हणजे ज्याच्यासाठी आईबाप घर गहाण टाकतात ते मिळून गेलं होतं. अंतिम सामन्यात उरला होता तो फक्त कप.

माझ्या व्रताचा तो सत्त्याण्णवावा दिवस.

सकाळी मी सोयाबीनचं सार आणि अंड्याची वळकटी केली होती. शेवाळाचं सार मुद्दाम केलं नाही. सामन्याच्या दिवशी ते खाल्लं तर पाय घसरतो म्हणतात. ह्यन-गू कोपऱ्यात बसला आणि त्याने चमचा डाव्या हातात घेतला.

शेजारी बसलेला, त्याचे चेंडू झेलणारा कॅचर म्हणाला, "काय रे, रात्रीत डावखुरा झालास?"

"डाव्या हाताने खाल्लं की दोन घास जास्त जातात. तू पण करून बघ, गोलू."

सगळे हसले. मीही हसले. त्याचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता, बोटं अर्धी मिटलेली. पंधरा-वीस मिनिटांत ती एकदाही हलली नाहीत. वर बघितलं तर तो माझ्याकडेच बघत होता. मी साराच्या भांड्याकडे वळले.

मुलं उठली तसे बांगसर स्वयंपाकघराच्या दाराशी आले. बूट हातात, चेहरा न झोपलेला. त्यांनी एकच शब्द विचारला.

"हात?"

मी म्हटलं, "व्यवस्थित आहे. दोन वाट्या भात खाल्ला त्याने."

त्यांनी बूट पायात चढवले. मग "बरं" म्हणाले आणि गेले.

तो सामना मी जाळीमागे बसून बघितला. ह्यन-गूने आठ डाव टाकले. सहाव्या डावापासून प्रत्येक चेंडूनंतर तो टोपी काढून कपाळ पुसायचा, म्हणजे त्या निमित्ताने हाताला विसावा मिळे. हे माझ्या लक्षात येत होतं आणि मी माळ ओढत होते. आठव्या डावात त्याचा चेंडू मध्येच मेल्यासारखा पडला आणि त्यांच्या फलंदाजाने तो भिंतीबाहेर मारला. दोनास तीन. आम्ही हरलो.

बक्षिसं वाटली तेव्हा सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस रीतीप्रमाणे जिंकणाऱ्यांकडे गेलं, आणि हरलेल्यांतल्या एकाला जे देतात ते झुंजार खेळाडूचं बक्षीस ह्यन-गूला मिळालं. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या. बायका रडत होत्या. त्याने चषक डाव्या हाताने घेतला. त्या बक्षिसाबद्दलही माझं मत आहे, पण ते मी कधी कुणापाशी बोलले नाही. पोराला मोडेपर्यंत वाकवायचं आणि तो मोडला नाही असं दाखवल्याबद्दल त्याला चषक द्यायचा, हे मोठ्या माणसांनी स्वतःला दिलेलं बक्षीस असतं.

उरलेले तीन दिवस नमस्कार घालून मी व्रत पुरं केलं. का केलं, सांगता येणार नाही.

कोपराची शस्त्रक्रिया त्याच हिवाळ्यात झाली. एका क्लबाने त्याला घेतलं आणि दोन वर्षांनी सोडलं. क्लबाच्या मुख्य संघाकडून तो एकही चेंडू टाकू शकला नाही. त्याचे वडील शाळेत आले, अंगाला मासळीचा वास, आणि वसतिगृहाच्या अंगणात उभे राहून ओरडले, "बांग! एका कपासाठी माझ्या पोराचा हात विकलास! तुला दिसत नव्हतं? आंधळा होतास?"

बांगसर म्हणाले, "चूक माझीच आहे."

मी आत लसूण सोलत होते. सरांनी एकदा जरी खिडकीकडे बघितलं असतं तर मी बाहेर गेले असते, असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. त्यांनी बघितलं नाही. त्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली. त्यांच्यामागे आया बोलायच्या, की कपासाठी हपापलेला माणूस, आणि मी भाजी चिरता चिरता मान हलवायचे.

पंचशील मी आजही रोज म्हणते. चौथ्या शीलापाशी, खोटं बोलणार नाही या शब्दांपाशी, माझा आवाज आपोआप उतरतो.

तीस वर्षं झाली. ह्यन-गू आता पुलापलीकडच्या प्राथमिक शाळेच्या मुलांना शिकवतो. चांगला माणूस झाला. दर शरदात, पितरांच्या सणाला, सुकवलेल्या मासळीची पेटी घेऊन येतो आणि मला वाकून नमस्कार करतो. गेल्या वर्षी मी त्याच्या मुलांचा सामना बघायला गेले होते. त्याच्या खोलीत फळीवर तो झुंजार खेळाडूचा चषक ठेवलेला आहे. त्याखाली मुलांना ओळीने बसवून तो सांगत होता, "माझं कोपर गेलं होतं. तरी मी आठ डाव टाकले. कुणाला कळू दिलं नाही. सरांना नाही, ह्या मावशींना नाही. विचारा त्यांना!"

बारा डोकी माझ्याकडे वळली. मी हसून मान खाली घातली.

"बघा," तो म्हणाला, "रोज वाढणाऱ्या मावशींनासुद्धा पत्ता लागला नाही!"

त्या ओळीत पुढेच रा-ओन नावाचा मुलगा बसला होता. बारा वर्षांचा, गोरटेला, तोंड उघडं टाकून ऐकत होता. तो त्यांचा पिचर.

परवा मी बांगसरांना भेटायला गेले. ते डोंगरावर बायकोच्या माहेरगावी राहतात, खोकला झाल्यापासून घराबाहेर पडत नाहीत. बायकोने पर्सिमनच्या फळाची फोड कापून पुढे ठेवली आणि "मावशी, तुमच्यासमोर तरी हे नीट खातात का बघा" म्हणून आत गेली. सर उशाशी जिल्ह्याच्या वर्तमानपत्राचे कपटे घेऊन बसले होते.

"हा मुलगा बघा, रा-ओन. स्पर्धेच्या सामन्यांत चेंडूंची मर्यादा असते, म्हणून ह्यन-गू त्याला तिथे मोजून टाकायला लावतो. पण सराव सामन्यांना मर्यादा नाही. ह्या महिन्यात असे पाच. टाकत नसेल त्या दिवशी कॅचर म्हणून बसवतो, म्हणजे तिथूनही फेकणं आलंच. शनिवारी पुन्हा दोन सामने आहेत, सकाळ-दुपार." त्यांना खोकला आला. "बारा वर्षांचं हाड असतं कुठे अजून? कूर्चाच असते नुसती."

मी म्हटलं, "सर, त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले."

तीस वर्षांचं ओझं असं एका वाक्यात निघालं, आणि त्यांनी मान वरसुद्धा केली नाही.

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"अकरा वर्षांत तुम्ही मला ताटातलं कधी सांगितलं नव्हतं, मावशी. त्या दिवशी भात सांगितलात. मी न समजण्याइतका खुळा होतो का? मला तेच ऐकायचं होतं. तुम्ही ते दिलंत."

आतून बायकोच्या भांड्यांचा आवाज येत होता. ते म्हणाले, "त्याला वाटतं, त्याने एकट्याने लपवलं. त्या जोरावर तो ह्या पोरांना शिकवतोय. दोन मोठ्या माणसांना दिसत होतं आणि दोघांनी तोंड मिटलं, हे त्याला कुणी सांगितलेलंच नाही."

"त्याच्याकडे तेवढंच आहे, सर. तो चषक आणि ती गोष्ट. हात तर गेलाच."

"हो." त्यांनी कपटे गोळा केले. "मी सांगितलं तर म्हणेल, म्हातारा मरताना पाप धुतोय. माझ्या दारात तो कधी आलाही नाही. तुमचं ऐकेल."

"आणि मग माझ्या दारातही येणार नाही."

"बहुतेक नाही येणार," बांगसर म्हणाले. खोटा दिलासा द्यायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

मला मूल नाही. सणाला दार वाजतं ते त्या एकाचंच. हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी घाई केली नाही. फोड माझ्याकडे सरकवली, आणि मी ती खाल्ली.

मग मी म्हटलं, "शनिवारच्या आधी सांगते."

"वचन?"

"वचन."

आज शुक्रवार आहे. पहाटे एकशे आठ नमस्कार घातले. गुडघे आता कुरकुरतात, वेळ लागतो. आज मागणं काही मागितलं नाही. शेजारीण दारातून म्हणाली, "मावशी, एवढ्या सकाळी कुठे? देवळात?"

"पुलापलीकडे जाऊन येते," मी म्हटलं.

मुलं शाळेत यायच्या आधी ह्यन-गू एकटाच मैदान झाडत असतो, सव्वासातपर्यंत. सहा-चाळीसची बस धरली तर तेवढा वेळ मिळतो. मी दाराला कडी घातली आणि थांब्याकडे निघाले.