नव्या चाकांचे वीस बोल्ट

ब्रॉयर बाईंनी आणलेला कागद गुड्रुननं वाचला, पुन्हा वाचला आणि टेबलावर ठेवून दिला.

"एकोणीस इंची चाकं, त्यावर दोनशे पंचाहत्तर मिलिमीटर रुंदीचे टायर. बाई, हे तुमच्या गाडीला बसणार नाही."

"बसतं. मी फोटो पाहिलाय."

"फोटोत गाडी उभी असते. उभ्या गाडीला काहीही बसतं."

ब्रॉयर बाईंनी बॉनच्या शाळेत चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन सीटची एक जुनी हिरवी स्पोर्ट्स कार घेतली. ऑक्टोबर संपायच्या आत तिच्यातून रिंगवर एक तरी फेरी मारायची, असं त्यांनी ठरवलं होतं. रिंग म्हणजे डोंगरातून जाणारा वीस किलोमीटरचा रेसचा रस्ता. शनिवार-रविवारी तिकीट काढून कुणीही आपली गाडी त्यावर घालू शकतं. गुड्रुन क्रेमरचं गॅरेज तिथून बारा मिनिटांवर, आंटवाइलरमध्ये होतं. ते तिच्या वडिलांनी, युपनी, उभं केलं होतं. आता त्र्याहत्तरीतही ते रोज सकाळी सातला हजर असायचे.

"का बसणार नाही ते सांगा. नुसतं नाही म्हणू नका," बाई म्हणाल्या.

गुड्रुननं स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि बाईंचा हात धरून टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत घातला. "दोन बोटं जागा आहे. तुमच्या कागदावरचं चाक यापेक्षा पंधरा मिलिमीटर बाहेर येतं. वळणावर गाडी दबली की मडगार्डची कड टायर कापत सुटणार. आणि आतून ब्रेकला चिकटणार नाही, याचीही खात्री नाही."

"मग काय बसेल?"

"अठरा इंची. टायर दोनशे पंचेचाळीसचे."

"दिसायला बारीक दिसतील."

"बाई," कोपऱ्यातून युप म्हणाले, "रिंगवर तुमच्याकडे कोण बघणार आहे? सगळे आपापला जीव सांभाळत असतात."

बाई हसल्या. तरी त्यांनी तासभर सोडलं नाही. टायर किती भार पेलतो, किती वेग झेपतो, चाकाच्या मधलं भोक किती मिलिमीटरचं, सगळं वहीत उतरवून घेतलं. गुड्रुननं पुठ्ठा कापून ब्रेकवर धरला आणि नव्या चाकाच्या आत चार मिलिमीटर मोकळे राहतात, हेही दाखवलं. मगच बाई हो म्हणाल्या.

चाकं दहा दिवसांनी, शुक्रवारी आली. टायर चढवून झाले, तोल साधून झाला आणि तेवढ्यात शेजारच्या गावातून फोन आला. रस्त्यात एक गाडी बंद पडली होती, मागच्या सीटवर तान्हं मूल होतं. गुड्रुन टोचनगाडी घेऊन निघाली.

परत आली तेव्हा हिरवी गाडी खाली उतरलेली होती आणि बाई तिच्याभोवती चकरा मारत होत्या.

"बोल्ट आवळले?" तिनं विचारलं.

"वीसच्या वीस," युप म्हणाले. "मी काय आज आलोय होय गं?"

"पन्नास किलोमीटर झाले की पुन्हा आवळून घ्यायला या, बाई."

"उद्या फेरी मारून येतेच," असं म्हणून बाई रिंगजवळच्या आडेनाऊला मुक्कामाला गेल्या.

शनिवारी सकाळी गुड्रुन चाकांबरोबर आलेला परवान्याचा कागद फाईलला लावायला बसली. सवयीनं शेवटपर्यंत वाचत गेली. चौथ्या ओळीत लिहिलं होतं, सोबत दिलेले निमुळत्या बैठकीचेच, म्हणजे डोक्याखाली निमुळते असलेलेच, बोल्ट वापरावेत.

ती उठली. चाकांचे रिकामे खोके दाराशी रचून ठेवले होते. पहिल्यात काही नव्हतं. दुसऱ्यातही नव्हतं. तिसऱ्या खोक्याच्या तळाशी, कागदाच्या बोळ्यांखाली, एक सीलबंद पिशवी होती. आत वीस बोल्ट होते.

पिशवी घेऊन ती युपकडे गेली.

"बाबा, काल कुठले बोल्ट लावलेत?"

"कुठले म्हणजे? होते ते."

"जुने?"

"बोल्टला काय झालंय? मापाचेच होते."

"जुन्यांची बैठक गोल आहे. या चाकांना निमुळती लागते." तिनं पिशवी त्यांच्यासमोर धरली. "गोल बोल्ट या भोकात नुसता कडेला टेकतो. पाना टक म्हणतो, आपल्याला वाटतं बसला. बसत नाही तो!"

युपनी पिशवी घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. चाळीस वर्षं हाच धंदा केलेला माणूस. हा फरक त्यांनीच तिला शिकवला होता, ती अकरा वर्षांची असताना.

गुड्रुननं बाईंना फोन लावला. बाईंनी उचलला नाही. पुन्हा लावला. पावणेदहा झाले होते. रिंगचं फाटक दहाला उघडतं.

"चला," ती म्हणाली.

जॅक, टॉर्क पाना आणि बोल्टची पिशवी व्हॅनमध्ये टाकून ती निघाली. युप शेजारी बसून बाईंचा नंबर फिरवत होते, पण बोटं चुकीच्या आकड्यावर पडत होती. शेवटी तिनं फोन ओढून घेतला. वळणावर कॅम्पिंगच्या गाड्यांची रांग लागली होती. हॉर्न देत, अर्धी चाकं गवतात घालत तिनं ती ओलांडली. एक म्हातारा खिडकीतून मूठ दाखवून ओरडला. तिनं बघितलंही नाही.

फाटकाशी पोचले तेव्हा दहा वाजून सात मिनिटं झाली होती. हिरवी गाडी कुठेच नव्हती.

"हिरवी, दोन सीटची, चालवणाऱ्या बाई साठीच्या," तिनं तिथल्या मार्शलला विचारलं. त्याच्या छातीवर होल्ट्झेम असं नाव होतं.

"गेली की. तीन मिनिटं झाली असतील."

"रस्ता बंद करा."

"काय?"

"तिच्या चाकांचे बोल्ट चुकीचे आहेत. ते सुटतील."

होल्ट्झेमनं मागच्या रांगेकडे पाहिलं. साठ-सत्तर गाड्या असतील. "म्हणजे सुटतीलच? की सुटू शकतात? आत चाळीस गाड्या आहेत. सगळ्यांना थांबवायचं म्हणजे..."

"नक्की कसं सांगू? चाक निखळल्यावर सांगू का?"

"नाव सांगा. कुणाची चूक म्हणून कळवू?"

"गुड्रुन क्रेमर. गॅरेज माझं आहे."

"तिचं नाव नका लिहू," मागून युप म्हणाले. ते व्हॅनला धरून उभे होते. "बोल्ट मी लावले. मला नीट दिसत नाही. मला दिसलंच नाही, की ते कुठले आहेत. आता बंद करा राव, कृपा करा."

होल्ट्झेमनं वायरलेस तोंडाशी नेला.

दिवे लाल झाले. रांगेतले लोक गाड्यांतून उतरून चौकशी करू लागले. आतल्या गाड्या एकेक करून हळू बाहेर येऊ लागल्या. निळी, पांढरी, दोन मोटारसायकली, पुन्हा पांढरी. गुड्रुन मोजत होती. अठ्ठावीस. एकतीस. वायरलेसवर कुणीतरी काहीतरी बोललं आणि होल्ट्झेमनं पाठ फिरवून ऐकलं.

"सापडली," तो वळून म्हणाला. "सहाव्या किलोमीटरला, कडेला उभी आहे. बाई ठीक आहेत. कठड्याच्या मागे उभ्या राहून आमच्या माणसाला झापतायत, म्हणे उशीर का केला."

युप व्हॅनच्या पायरीवर खाली बसले.

अर्ध्या तासानं टोचनगाडीवरून हिरवी गाडी आली. पुढच्या डाव्या चाकाला पाचऐवजी चार बोल्ट होते आणि त्यातले दोन गुड्रुननं नुसत्या बोटांनी फिरवले.

"तिसऱ्या वळणापासून स्टिअरिंग थरथरत होतं," बाई सांगत होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक होता, पण आवाज वर्गातला होता. "आधी वाटलं रस्ता खराब. मग आवाज आला, टुक टुक टुक. वेग कमी केला तर आवाजही कमी झाला. म्हटलं, हे चाकातच आहे. फोन मागच्या डिकीत. कुणी लावले हे?"

"मी," युप म्हणाले.

बाईंनी त्यांच्या डोळ्यांत निरखून पाहिलं. "मोतीबिंदू?"

"माहीत नाही. दाखवलं नाही कुणाला."

"माझ्या आईनं असंच लपवलं. गॅसवर हात भाजेपर्यंत." त्यांनी पर्स उघडली, बंद केली. "मी मेले असते, क्रेमर. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"बरं. लावा आता ते बरोबरचे. तिनं लावायचे. तुम्ही बाजूला व्हा."

गुड्रुननं वीसही बोल्ट लावले, प्रत्येक बोल्ट लावताना बाईंना दाखवून. बाई वाकून बघत होत्या. त्या दिवशी त्यांनी दुसरी फेरी मारली नाही. गाडी सावकाश चालवत बॉनला निघून गेल्या.

दोघं व्हॅनमधून परत निघाले.

"कधीपासून?" गुड्रुननं विचारलं.

"ईस्टरपासून. सहा-सात महिने झाले."

"ईस्टरपासून!" तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. "बाबा, ईस्टरपासून किती चाकं लावलीत तुम्ही? एकट्यानं?"

"तुला सांगितलं असतं, तर तू मला घरी बसवलं असतंस."

"हो. बसवलं असतं."

"म्हणूनच."

तिला ओरडायचं होतं. पण तिनं गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

दुपारी तिनं फाईली काढल्या आणि एकेक गिऱ्हाइकाला फोन केला. एकूण तेवीस गाड्या होत्या. "चाकं पुन्हा तपासायची आहेत, चूक आमची आहे," एवढंच ती सांगायची. काही चिडले, एकानं वकिलाचं नाव घेतलं. दोन आठवडे त्या गाड्या येत राहिल्या. एका गाडीचा टायर उलट्या दिशेनं चढवलेला निघाला. बाकी सगळं व्यवस्थित होतं. प्रत्येक गाडी येताना युप दाराशी उभे राहायचे, स्वतः माफी मागायचे आणि मग आत जाऊन कॉफी ठेवायचे.

नोव्हेंबरात त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डाव्याचं जानेवारीत ठरलंय.