बशीखालचं नाणं

फुलसिंगने लाकडाचा भारा आज चुलीपाशी आणलाच नाही. डाकबंगल्याच्या फाटकातच टाकला, वर दोन आण्यांचं नाणं ठेवलं आणि पाठ फिरवली.

"फुलसिंग, चहा तरी पी," सलाउद्दीन खानसामा पडवीतून म्हणाला.

"कितला पैसा चहाना?" फुलसिंगने वळून न पाहता विचारलं. "पाहुणा म्हनीसन बलावं तुले. तू मन्हा घरनी खानावळ करी टाकी."

सलाउद्दीन पायरीवर मटकन बसला. चूक कळली, आणि ती त्याला म्हातारपणाच्या दुखऱ्या गुडघ्यांपेक्षा जास्त दुखली.

धडगावात त्याचं उभं आयुष्य साहेबांना वाढण्यात गेलं. गोरा साहेब उठताना बशीखाली नाणं ठेवी. पारशी कंत्राटदार ते हातावर टेकवी आणि मग चारचौघांत बोलूनही दाखवी. मामलेदार नुसताच ढेकर देऊन निघून जाई. या सगळ्यांत गोऱ्याचीच रीत त्याला खानदानी वाटे. न बोलता मान राखायचा. बायको गेल्यापासून त्याच्याशी बसून बोलणारा माणूस म्हणजे हा लाकडं आणणारा फुलसिंग. त्याने काल पहिल्यांदाच घरी जेवायला नेलं. त्याच्या बायकोने, रूपलीबाईने, ज्वारीची भाकर आणि उडदाची डाळ प्रेमाने वाढली. निघताना सलाउद्दीनने ताटलीखाली हळूच नाणं सरकवलं. त्याला ठाऊक असलेला सगळ्यात मोठा मान त्याने दिला होता.

दुपारी तो पुन्हा फुलसिंगच्या घराकडे निघाला. बंगल्याचा पांढरा कोट त्याने खुंटीला टांगला. खिसे होते ते त्या कोटालाच. चढावर धाप लागली, मध्येच बसावं लागलं. या वयात नवं माणूस जोडायचं त्राण आपल्यात उरलेलं नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं.

फुलसिंग खाटेवरून हलला नाही. रूपलीबाईने मात्र पाणी दिलं, मग भाकर वाढली. सलाउद्दीन खाली मान घालून जेवला. जेवण संपलं तशी दोघांची नजर त्याच्या हातांवर गेली. त्या रिकाम्या हातांचं काय करावं, ते त्यालाही सुचेना. जन्मभर लोकांना आणखी काय हवं ते विचारत आलेला माणूस. स्वतः कुणाकडे कधी मागितलं नव्हतं.

त्याने ताटली पुढे केली.

"आजून अर्धी दे, बहीन," तो म्हणाला. "भूक शे."

फुलसिंग उठला. चूल विझत आली होती. त्याने तिच्यात एक लाकूड सारलं.