तिसरा ड्रम

आशाबाईंचा फोन आला तेव्हा मी वाळूजला कंपनीत, पहिल्या पाळीत होतो. आशाबाई आमच्या शेजारच्या, भिंतीला भिंत लागून घर. "राजूभाऊ, तसंच निघा. रत्नमाला कशीतरीच करायलीय," एवढंच म्हणाल्या.

मी दवाखान्यात पोचलो तर माझ्या बायकोचे ओठ जांभळाच्या रंगाचे झाले होते. नखंसुद्धा. "डोकं लई दुखायलंय," म्हणाली. त्यानंतर ती बोलली नाही.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी रक्त काढलं, ते लाल नव्हतंच, कडक चहासारखं होतं. ते बघून डॉक्टर घाईघाईनं बोलायला लागले. सकाळपासून पोटात काय गेलं? आशाबाई म्हणाल्या, "काय नाय. पाणीच प्यायली. आज नळ आला होता." डॉक्टरांनी दुसऱ्या दवाखान्यातून एक निळं इंजेक्शन मागवलं. निळ्या पडलेल्या माणसाला निळंच औषध देतात आणि रक्त परत लाल होतं, असं त्यांनी मला नंतर समजावून सांगितलं. ते आलं तेव्हा रत्नमाला गेलेली होती.

आमच्या भागात नळाला आठवड्यानं पाणी येतं, तेही आलं तर. त्यामुळं प्रत्येक दारात निळा ड्रम असतो. कंपन्यांमधून रिकामे झालेले ड्रम भंगारात जातात आणि शहागंजकडं हातगाडीवर विकायला येतात. रत्नमालानं दोन आणले होते, एक आपल्याला, एक आशाबाईंना. तिनं आपला घासून धुतला, नळ आल्यावर भरला आणि तहान लागली तसं त्यातलंच प्यायली. खारट लागलं असणार. पण टँकरचं आणि बोअरचं पाणी पिऊन आमच्या जिभेला खारटाचं काही वाटत नाही. आशाबाईंचा ड्रम भरायच्या आत नळ गेला, म्हणून आशाबाई राहिल्या.

पोलिसांनी ड्रम आडवा केला तेव्हा तळाच्या कडेला पांढरा थर दिसला, घट्ट बसलेला. डॉक्टरांनी नाव सांगितलं, नायट्राईट. ते नाव मी रोज वाचतो. कंपनीत सुटे भाग धुतल्यावर गंजू नयेत म्हणून टाकीत आम्ही तीच पावडर टाकतो. दिसायला मिठासारखी. पाण्यात तिचं प्रमाण बघायला कागदाच्या पट्ट्या असतात. पट्टी बुडवली की गुलाबी होते.

रत्नमालासाठी भंतेजी आले, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, मग मी कामावर गेलो आणि साहेबांना विचारून पट्ट्यांची डबी घरी आणली. आधी आशाबाईंच्या दारात गेलो.

"माझं पाणी चांगलंय, भाऊ," त्या म्हणाल्या. "दोनदा धुऊन मग भरलाय ड्रम, परवाच्या नळाला. प्यायला नाय घेत, नुसतं भांड्याला."

मी पट्टी बुडवली. दोघं बघत उभे राहिलो. पट्टी आधी कडेनं गुलाबी झाली, मग सगळीच. आशाबाईंनी पदर तोंडाला लावला. मग एकटीनंच तो भरलेला ड्रम ढकलून पाडला.

दुसऱ्या दिवशी मी ड्रम विकणारा गाडीवाला शोधला. कडुबा त्याचं नाव. मला बघून म्हणाला, "रत्नमालाताईचे मालक ना? लई घासाघीस करती तुमची बाई. मला म्हणली, कडुबा, तुझी जीभ तुझ्या ड्रमापेक्षा मोठीय."

"ती गेली," मी म्हणालो. कशानं ते सांगितलं.

त्यानं हातगाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मग म्हणाला, "तसले तीन होते."

"तिसरा कुठंय?"

"पाचोडची बाई होती. टेम्पोत टाकून घेऊन गेली. पोरीचं लग्न हाय म्हणली, वऱ्हाडाला पाणी लागंल."

"नाव काय तिचं?"

"ड्रम इकताना कोण नाव इचारतं, भाऊ? सिमकार्ड हाय का ते?"

"त्याच्यावर कायच लिहिलेलं नव्हतं?"

"कागद होता. कवटीचं चित्र होतं." तो माझ्याकडं बघत नव्हता. "खरवडून काढला. चित्र बघून बाया घेत न्हाईत."

मी पोलिसांना सांगितलं. त्यांनी पाचोडला कळवलं. ग्रामपंचायतीनं भोंग्यावरून सांगितलं की शहरातून नवा निळा ड्रम आणला असेल तर त्यातलं पाणी पिऊ नका. पण प्रत्येकाला वाटतं, आपला नव्हे, दुसऱ्याचा. म्हणून बाजाराच्या दिवशी मी स्वतः डबी घेऊन गेलो.

पाचोडला उतरलो तर हॉटेलापुढं ड्रम, रसवंतीला ड्रम, घराघरापुढं ड्रम. सगळे निळे. मी विचारत, पट्टी बुडवत चाललो. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "काय पाव्हणं, पाण्याची जात बघायलाव का?" बाकीचे हसले.

"जहर बघायलोय, बाबा," मी म्हणालो. मग कोणी हसलं नाही, पण उठलंही नाही कोणी.

एका घरी लग्न होतं. अंगणात मांडवाचे बांबू पडलेले आणि भिंतीला टेकून एक ड्रम. बाईनं माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. "पट्टी माझ्याकडं द्या," ती म्हणाली, "मीच बुडवते. तुम्ही तिथंच थांबा." मी तिच्या हातात दिली. तिनं बुडवली आणि लांबूनच मला दाखवली. पांढरी होती. मी विचारलं, गावात अजून कुणाकडं लग्न आहे? ती म्हणाली, "तिथी सुरू झाल्यात. गावात लग्न, वस्त्यांवर लग्न. कुणाकुणाचं सांगू?"

ड्रम रिकामा असेल तर पट्टीचा उपयोग नाही, तळाला हात घालून थर बघावा लागतो. आणि तिसरा ड्रम रिकामाच असणार. लग्नासाठी घेतलाय, लग्नाच्या दिवशी भरतील. पहिला पेला आलेल्या पाहुण्याला देतील.

डबी संपली, दुसरी आणलीय. आता सुट्टी असली की मी जातो. गाव बघून झालं. शेतातल्या वस्त्या राहिल्यात. तिसरा ड्रम अजून सापडलेला नाही.