विहीणबाईंचा फोन

"आधी समोरच्याचं तोंड उघडू दे, मग तुझं उघड." शिकवायला उभं राहिलं की बाईंना त्यांच्या जुन्या गुरूंचा हा आवाज हमखास ऐकू यायचा. इथे मात्र सगळी तोंडं मास्तरांचीच उघडी होती.

इटालियनच्या शिक्षकांसाठी विद्यापीठाने उन्हाळ्यात पदव्युत्तर वर्ग भरवला होता. पहिल्याच दिवशी सगळ्यांनी शपथ घेतली, की इमारतीत इटालियनशिवाय दुसरी भाषा बोलायची नाही. बाईंनी ती पाळली. बाकीचे विभागप्रमुखांसमोर लाडिक सुरात इटालियन बोलायचे, आणि ते जिन्यावरून वळले रे वळले की आपल्या भाषेत उखाळ्यापाखाळ्या सुरू. उपास सांगून फडताळात हात घालणाऱ्यांतले सगळे.

दुपारी सरावाचा वर्ग असे. गावातली हौशी माणसं फुकट शिकायला यायची, त्यांच्यावर हात साफ करून घ्यायचा. प्रमुख मागे बसून गुण देत, तेही संस्कृतीला. म्हणून जो तो इटलीतले घुमट आणि चित्रं दाखवत सुटे. शिक्षकांतल्या एका ताईंना सगळे ऑपेराताईच म्हणत. त्या डोळे मिटून गायच्या, आणि थोड्या वेळाने शिकणारेही डोळे मिटायचे.

शिकणाऱ्यांत एक निवृत्त बसचालक होते. त्यांची लेक इटलीत दिलेली. एकदा फाटकाबाहेर ते बाईंना म्हणाले, "विहीणबाईंशी बोलायचं तर लेकच मधे बसून सांगणार. आणि ती सगळं गोडच सांगते हो. मला थेट विचारायचंय, पोर सुखात आहे का. पण इथे रोज नवा घुमट! विहीणबाईंना काय सांगू, तुमचा घुमट झकास आहे म्हणून?"

बाईंना हसू आलं आणि वाईटही वाटलं. "काका, शनिवारी दुपारी लेक कामावर असेल तेव्हा लावा फोन. तुम्हीच विचारा. मी शेजारी बसते, अडलं तर सांगेन."

"नक्की याल?"

"शब्द दिला."

आणि प्रमुखांनी नेमकी शनिवारीच दुपारी समारोपाची तालीम ठेवली. मुखवटे घालून मिरवायचं होतं. इटलीच्या शिष्यवृत्तीसाठी एकच नाव जाणार होतं, ते बाईंचं. इतकी वर्षं इटालियन शिकवूनही बाईंनी इटली पाहिली नव्हती.

शनिवारी मुखवटे वाटले जात असताना बाईंनी इटालियनमध्ये सुट्टी मागितली. राग आला की प्रमुखांचं इटालियन आधी पळ काढायचं. "अहो, कोणा बसवाल्याच्या घरगुती फोनसाठी? इथे आपण इटालियन संस्कृती उभी करतोय!"

"या गावात एक खरी इटालियन बाई बोलणार आहे, सर," बाई हळू आवाजात, इटालियनमध्येच म्हणाल्या, "तीही फोनवर."

"मग तुमचं नाव खोडतो. ताईंचं घालतो."

ऑपेराताई मुखवट्याआडून कुजबुजल्या, "अगं, कशाला हातचं घालवतेस? डोकं दुखतंय म्हणून कळव म्हाताऱ्याला. त्याला काय कळतंय!" हे अर्थातच शपथेच्या भाषेत नव्हतं.

हातातला मुखवटा खुर्चीवर ठेवून बाईंनी चपला पायात सरकवल्या. आत ऑपेराताईंनी सूर लावला, प्रमुखांनी मान डोलावली. बाहेर ऊन रणरणत होतं. बाईंनी छत्री उघडली आणि बसचालकांच्या घराची वाट धरली.