तीस मीटर फिल्म

"झाकण उघडू नकोस!" ओदिल ओरडली.

"चाळीस वर्षं कॅमेरेच जोडले गं मी. मला शिकवतेस?" युलिस हसला, पण हात त्याने मागे घेतला. कॅमेऱ्यांचा कारखाना बंद झाल्यापासून सांत-क्रोआ गावात कुणाच्या माळ्यावर घरगुती चित्रफितींचा जुना कॅमेरा निघाला, की तो युलिसच्याच टेबलावर यायचा. भिंग, चावी, चामडं पाहून तो भाव सांगायचा. हा कॅमेरा तर ओळखीचाच. ओदिलच्या नवऱ्याचा, गास्तोंचा.

"कॅमेरा विकत मागणाऱ्या त्या लोझानच्या संग्राहकाला काय सांगायचा तो भाव सांग. पण आतली फिल्म माझी. ब्रांदोंच्या सणाच्या मिरवणुकीतली. आमची नोएमी आहे तिच्यात."

मिरवणुकीनंतर चौथ्या दिवशी तळ्यावरचा बर्फ नोएमीच्या पायाखाली फुटला होता. सात वर्षांची पोर. गास्तोंने कॅमेरा कपाटात कोंडला तो कोंडलाच. यंदा तो स्वतः गेला, तेव्हा कपाट उघडलं.

"बघ, काटा तीसवर आहे. तीसच्या तीस मीटर भरलीय."

युलिसला माहीत होतं, काटा यंत्रावर फिरतो, फिल्म सरको न सरको. खालून धुकं चढत होतं, फरच्या झाडांची एकेक रांग गिळत खिडकीशी येऊन बसलं.

त्याने कॅमेरा उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत ठेवला, चेन लावली, पिशवीच्या बाह्यांतून हात आत घातले.

"बोटांनीच बघणार?"

"डोळ्यांना आता बाटलीवरचं नाव दिसत नाही."

"बाटली मात्र बरोब्बर सापडते!"

आत झाकण निघालं. चाललेली फिल्म जिच्यावर गुंडाळली जाते ती खालची रीळ चाचपली, तर बोटाला गार पत्रा लागला. वरची काठोकाठ भरलेली. दातेरी चक्राजवळ फिल्मचं टोक सापडलं, निसटलेलं. अंगठा त्यावरून फिरला. तिरकं कापलेलं.

अख्ख्या कारखान्यात टोक तिरकं कापणारा एकच होता.

झाकण लावण्याआधी फिल्म थोडी चालवून बघायची, हा नियम तोच नव्या पोरींना शिकवायचा. पण त्या सकाळी ढोल वाजत होते, आणि गास्तों दारात घाई करत उभा होता.

"आहे ना रे ती?"

पिशवीत हात थांबले. जुनी फिल्म, धुतली की काळीच निघते, एवढं म्हटलं असतं तरी तिने मानलं असतं.

"नाही, ओदिल. फिल्म चाललीच नाही. त्या सकाळी गास्तोंला मीच भरून दिली होती. दात्यांनी धरली नव्हती. मी बघितलं नाही."

ओदिलने बाहेर पाहिलं. खिडकीत आता झाड उरलं नव्हतं. मग तिने चेन ओढली, कॅमेरा बाहेर घेतला, झाकण लावलं, चावी पिळली आणि कळ दाबली.

"हा आवाज तिच्या मागे मागे चालला होता," ती म्हणाली. "सारखी वळून हसत होती."

घरघर खोलीभर फिरली, मंदावली, थांबली. ओदिलने पुन्हा चावीला हात घातला, पण बोटांत जोर राहिला नव्हता. तिने कॅमेरा टेबलावरून युलिसपुढे सरकवला.

त्याने चावी पिळून दिली.